वास माझा, लेबल त्याचं

"याचं नाक सरावलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचं."

मोठे सर असं म्हणाले आणि त्यांनी बाटली माझ्या नाकाखाली धरली. समोर तीस पोरंपोरी.

पोरं हसली. सगळी नाही. जी हसली नाहीत ती खाली पाहू लागली, ते मला हसण्याहून जास्त लागलं. मी काचेचं बूच मनगटानं हळूच फिरवून काढलं. वास घेतला.

"टोलवीन," म्हणालो.

पुन्हा हसली. टोल्युईन म्हणायला तेव्हा जीभ वळत नव्हती. सरांनी वहीत खूण केली. उत्तर बरोबर होतं म्हणून खूण केली. आणि दुसरी बाटली पुढे सरकवली.

त्या दिवशीचा पाठ होता सुगंधी संयुगांचा. खेड्यातून आलेल्या पोरांना इंग्रजी जड जायचं, म्हणून सर मधूनमधून मराठीत सांगत. म्हणाले, ॲरोमॅटिक म्हणजे सुगंधी. पण नावावर जाऊ नका, यातले काही नुसते घाण मारतात. घाण हा शब्द तोंडात आला आणि त्यांना माझी आठवण झाली. मी मागे परीक्षानळ्या धूत होतो. हात पुसत पुढे आलो. बोलावलं की यायचं, एवढंच तेव्हा ठाऊक.

मी नागपूरच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. साठ सालानंतर लागलो, ऐंशीनंतर सुटलो. शिक्षण चौथी. कागदावर हुद्दा काही असो, सगळ्यांच्या तोंडी एकच होता. लॅब बॉय. तिशीत बॉय, चाळिशीत बॉय. टक्कल पडलं तरी बॉय.

पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द काहून लागला ते सांगतो. माझा बाप मेलेली ढोरं ओढायचा, सोलायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आला. अंगण झाडलं. सोलायची सुरी घेतली आणि लोहाराकडे गेला, तिचा विळा करून आणला. माझ्या आईच्या हातात दिला. मग मला जवळ बसवून म्हणाला, "आजपासून आपल्या अंगाले कशाचा वास नाही, समजलं का गा? कोणी म्हटलं तर आयकून घ्याचं नाही."

मी ऐकून घेतलं. तीस पोरांसमोर. बापाचा शब्द बुचासारखा बाजूला काढून ठेवला आणि पुढच्या बाटलीचा वास घेतला.

हे माझ्या खात्यावर आहे. दुसऱ्या कोणाच्या नाही.

आता श्रीपादबद्दल. खरं पाहता हे सगळं त्याच्याबद्दलच आहे.

श्रीपाद आमच्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर होता. म्हणजे पोरांना प्रयोग करून दाखवायचा. नागपूरच्या महाल भागातला. त्याच्या आज्याच्या आज्याला भोसल्यांच्या दफ्तरात जागा होती म्हणे, तेव्हापासून घरात लिहिणं-वाचणंच. त्याच्यात आणि माझ्यात वयाचं अंतर नाही. अंतर मोजायचंच तर टाटपट्टीचं मोजा. म्युनिसिपालटीच्या शाळेत चार वर्षं तो पुढच्या टाटपट्टीवर होता आणि मी दाराजवळच्या फरशीवर. पाढे मी त्याच्याहून भरभर म्हणायचो. चौथीनंतर तो पाचवीत गेला आणि मी लकडगंजात लाकूड चिरायच्या आरामशीनवर भुशाच्या पाट्या उचलायला. पंधरा वर्षांनी प्रयोगशाळेत पाहिलं तर तो पांढऱ्या ॲप्रनमध्ये आणि मी खाकीत. त्यानं ओळख दाखवली नाही. विसरला असेल. मी विसरलो नव्हतो.

मी त्याच्यावर जळायचो. लपवून काय करू? त्याच्या ॲप्रनवर जळायचो. त्याच्या नखांवर जळायचो. माझी नखं आम्लानं पिवळी, त्याची गुलाबी. तो फाउंटन पेननं लेबल लिहायचा, एकेक इंग्रजी अक्षर मोत्यासारखं, त्या अक्षरावर जळायचो. आणि सगळ्यात जास्त त्याच्या षटकोनावर.

बेंझिनची आकृती षटकोनाची. सहा कोपरे, आत गोल. श्रीपाद फळ्यावर खडू टेकवायचा आणि तो न उचलता एका दमात सहा बाजू काढायचा. शेवटची बाजू पहिल्या बाजूला अशी मिळायची, जशी कडी लागते. मग आत गोल. टक्कन. मागं वळून पाहायचाही नाही. मी फळा पुसायचो तेव्हा सगळ्यात शेवटी तो षटकोन पुसायचो. कधीकधी पुसायचोच नाही.

घरी येऊन कोळशानं भुईवर काढून पाहायचो. पाच बाजू नीट यायच्या, सहावी कुठं जाईल पत्ता नाही. एक पाय आखूड असलेल्या पाटासारखा दिसायचा. बायकोनं एकदा विचारलं,

"हे काय काढून राहिले जी भुईवर? कोणाची कुंडली?"

"बेंझिन हाये."

"अन् थे दात काहून खाऊन राहिले?"

"श्रीपाद एका दमात काढते."

ती भाकरी थापता थापता हसली. "कोण थो श्रीपाद? सवत आणली का माह्या घरात? जेवताना श्रीपाद, निजताना श्रीपाद. काहून जळता जी त्याच्यावर?"

"जळू नको तं काय करू वं?"

"जळा. पण भुई खराब करू नका, सारवली हाये मी."

तर माझं नाक. ते मात्र माझ्याकडे होतं आणि त्याच्याकडे नव्हतं. मी पुस्तकातून वास शिकलो नाही. बाटल्या भरताना, सांडलेलं पुसताना, नळ्या धुताना आपोआप शिकलो. फिनॉलला दवाखान्याचा वास. नॅफ्थलिनला ट्रंकेतल्या लुगड्याचा. ॲनिलीनला दोन दिवसांच्या मासळीचा. एकदा ॲनिलीन हातावर सांडलं, मी तसाच काम करत राहिलो. घरी गेलो तर बायको ओरडली, "ओठ काहून निळे झाले जी?" नखंही निळी. डोकं गरगरत होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांना सांगितलं. "पाणी पीत जा भरपूर," ते म्हणाले.

आमच्याकडे लेबलं टिकत नव्हती. फडताळात आम्लाच्या बाटल्या, ब्रोमिनची बाटली, सगळ्यांच्या वाफा आत कोंडायच्या. श्रीपादचे मोती निळ्या शाईचे. वर्ष उलटलं की फिकट, पुढं पिवळट, मग कोरा कागद. अक्षर गेलं की मला हाक.

त्या वर्षी युनिव्हर्सिटीची प्रात्यक्षिक परीक्षा पंधरवड्यावर आली आणि फडताळ उघडलं तर चाळीस बाटल्या कोऱ्या. परीक्षेत पोरांना नाव न सांगता एकेक पदार्थ देतात आणि तो ओळखायला लावतात. देणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर परीक्षा कसली? मोठ्या सरांनी श्रीपादला सांगितलं, एका दिवसात लाव सगळं. श्रीपादनं मला सांगितलं.

मी उघडायचो, वास घ्यायचो, बोलायचो. तो लिहायचा. स्टुलावर बसून, खिडकीपाशी, वाऱ्याला. मी फडताळात डोकं घालून. दुपारपर्यंत अडतीस झाल्या. डोळ्यांतून पाणी, कपाळ ठणकत होतं. उरल्या दोन.

एकीचा वास घेतला. दुसरीचा घेतला. पुन्हा पहिलीचा.

"कडू बदाम," श्रीपाद लांबूनच म्हणाला. त्यालाही आला होता. "दोन्ही नायट्रोबेंझिन. दे इकडे."

"नाई सर. ह्या दोन अलग हायेत."

"अबे, पुस्तकात लिहिलंय. नायट्रोबेंझिन, कडू बदामाचा वास."

"अन् कडू बदामाचा वास आणखी कशाले लिहिला हाये काय?"

तो थोडा थांबला. थांबला हे मी पाहिलं. बेंझाल्डिहाईडलाही पुस्तकात तोच वास लिहिलेला आहे, हे त्याला माहीत होतं. मला नव्हतं. मी आयुष्यात बदाम खाल्ला नव्हता, कडू नाही की गोड नाही. म्हणूनच मला फरक कळत होता. एका बाटलीला बुटाच्या पॉलिशचा वास होता. दुसरीला नानकटाईच्या भट्टीचा. ज्याच्या घरी बदाम होते त्याला दोन्ही बदाम. माझ्याकडे पॉलिशही वेगळं होतं आणि भट्टीही वेगळी.

आणखी एक. नानकटाईवालीच्या तोंडाशी, बुचाच्या कडेला, पांढरी खपली धरली होती. हवा लागली की ती अशीच खपली धरते, इतकी वर्षं मी ती कापडानं पुसत आलो होतो. पॉलिशवाली कधीच धरत नाही. मी बाटली उजेडात धरून दाखवली.

"हे पाहा सर, तोंडाशी..."

"तू फक्त वास घे," श्रीपाद म्हणाला. "विचार आम्ही करू."

आणि दोन्ही बाटल्यांवर एकच नाव लिहिलं. अक्षर सुंदर.

संध्याकाळी मोठ्या सरांनी फडताळ पाहिलं. श्रीपादच्या पाठीवर थाप मारली. "चाळीस बाटल्या एका दिवसात! वा!" मी तिथंच फरशी पुसत होतो. माझ्यावरून पाय टाकून दोघं बाहेर गेले.

आता यापुढचं सांगायला जड आहे, पण सांगतो. लेबल चुकलं आहे हे मला माहीत होतं. परीक्षेला पंधरा दिवस होते. मोठ्या सरांकडे जाऊन सांगता आलं असतं. ऐकलं नसतं कदाचित, पण सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. मी वाट पाहिली. रोज सकाळी फडताळ उघडायचो, ती बाटली पाहायचो, तोंडाशी पांढरी खपली वाढलेली असायची. मी ती पुसणं बंद केलं. मनात म्हणायचो, धर, आणखी धर. पड रे श्रीपाद. सगळ्यांसमोर पड.

जळणं असं असतं. त्यात मजा असते. जो नाही म्हणतो तो खोटं बोलतो.

परीक्षेच्या दिवशी ऊन सकाळपासूनच चावत होतं. मी लकडगंजातून ओळखीच्या आरामशीनवरचा भुसा आणला, बर्फाच्या कारखान्यातून लादी, आणि ती भुशात पुरून ठेवली. रंगाची परीक्षा बर्फावाचून होत नाही. नायट्रोबेंझिन आहे का पाहायचं तर कथील आणि तीव्र आम्ल घालून गरम करायचं, मग बर्फात थंड करून नायट्राइट घालायचं, आणि ते नॅफ्थॉलच्या पाण्यात ओतायचं. लाल रंग आला की आहे. थंडपणा गेला की सगळं गेलं.

बाहेरगावचे परीक्षक हिंदी बोलणारे होते. उंच, शांत, पान खाणारे. पोरांना पदार्थ वाटले. त्या खपलीवाल्या बाटलीतलं, बिनलेबलाच्या नळीत काढलेलं, एका दोन वेण्यांच्या मुलीच्या वाट्याला आलं. आमच्याच भागातली होती, वस्तीत पाहिलेली. तिचा बाप गिरणीत.

तिनं चमचाभर घेऊन पेटवून पाहिलं. काळा धूर, काजळी. म्हणजे सुगंधी जातीतलं, हे बरोबर. मग ती रंगाच्या परीक्षेला लागली. लाल आला नाही. नळी धुतली. पुन्हा केलं. नाही आला. वहीत लिहिलं, नायट्रो नाही. श्रीपाद मागून आला, वही पाहिली.

"लाल यायलाच हवा. तू नीट करत नाहीस. खोड ते."

तिनं खोडलं. तिसऱ्यांदा केलं. डोळ्यांतलं पाणी नळीत पडेल म्हणून मान वळवून पुसत होती.

मी सिंकपाशी उभा. बर्फ फोडत होतो. मला पडायला हवा होता श्रीपाद. पडत होती ती पोट्टी.

परीक्षकांनी पाहिलं. स्वतः नळी घेतली, स्वतः केलं. लाल नाही. फडताळातली बाटली मागवून लेबल वाचलं. मग विचारलं,

"ये बोतल किसने पहचानी?"

मोठे सर श्रीपादकडे पाहू लागले. श्रीपाद माझ्याकडे.

"आमच्या बॉयनं वास घेतला होता, सर. मी नुसतं लिहिलं."

बरोबर होतं तेव्हा चाळीस बाटल्या त्याच्या. चुकलं तेव्हा नाक माझं.

मोठे सर हसून परीक्षकांना म्हणाले, "नाक तो अच्छी है इसकी, पर आखिर नाक ही है."

मला अजून तो बर्फ आठवतो. हातात होता, घट्ट धरलेला, बोटं बधिर झालेली. मी तो सिंकमध्ये टाकला.

"नाक चुकलं नाही, साहेब," मी म्हणालो. "मी दोन बाटल्या अलग सांगतल्या होत्या. एक पॉलिश, एक नानकटाई. ह्याच्या तोंडाशी खपली हाये ते दाखवलं होतं. ह्यायनं म्हटलं, विचार आम्ही करू."

"खोटं बोलतोय," श्रीपाद म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

मी फडताळापाशी गेलो. दुसरी बाटली आणली. कोणाला विचारलं नाही. नळी घेतली, चार थेंब, कथलाचे तुकडे, आम्ल. गरम पाण्यात धरून हलवत राहिलो, पॉलिशचा वास पुरता जाईपर्यंत. मोठे सर म्हणाले, "तुला हात लावायला कोणी सांगितलं?" मी ऐकलं नाही. बर्फात ठेवलं. नायट्राइट, थेंब थेंब. दुसऱ्या नळीत नॅफ्थॉल. ओतलं.

आधी शेंदरी. मग लाल. नळी भरून लाल.

परीक्षकांनी नळी उजेडात धरली. "रंग तो आ गया," म्हणाले, आणि त्या मुलीच्या वहीतलं खोडलेलं वाक्य स्वतःच्या पेननं पुन्हा लिहिलं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला श्रीपादचं तोंड पाहायचं होतं. किती दिवसांची भूक. पाहणार, एवढ्यात ती पोट्टी माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाली,

"काका, तुम्हाले अगुदरच माहीत होतं?"

त्या इमारतीत मला काका म्हणणारी ती पहिली.

"हाव."

"मंग सांगतलं काहून नाही?"

वर्षानुवर्षं त्यांनी माझं नाक वापरलं हे खरं. तोंड मात्र मीच बंद ठेवलं होतं. आधी भीतीनं, मग जळून. भीतीनं बंद ठेवलेलं तोंड आणि जळून बंद ठेवलेलं तोंड, बाहेरून सारखंच दिसतं. दोन्हीला कडू बदामाचा वास.

श्रीपादचं तोंड पाहायचं राहून गेलं.

मोठे सर घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे, झालं ते झालं. आता वेळ घालवू नकोस. सगळ्या बाटल्या पुन्हा एकदा हुंग."

हुंग, म्हणाले. मी बरोबर ठरल्यावर. बक्षीस म्हणून.

"नाही," मी म्हणालो.

"काय?"

"कुत्रं हुंगते सर. माणूस वास घेते. अन् मी आता दोन्ही करत नाही. चाळीस बाटल्या हायेत. एकेक लावा नाकाले. तुमालेबी नाक हाये, श्रीपाद सरालेबी हाये. सरावलं नसन तं सरावन."

पोरांतलं कोणीतरी फिसकन हसलं. या वेळी माझ्यावर नव्हे.

आठवड्यानं कागद आला. इंग्रजीत. ऑफिसातल्या टायपिस्टनं वाचून दाखवला. मी उद्धट आहे, वरिष्ठांचा अपमान केला, अशा अर्थाचं. माझी सही हवी होती. मी म्हटलं, मराठीत लिहून आणा, वाचीन आणि मग करीन. आणलं नाही. मीही केली नाही. तो कागद बिनसहीचाच राहिला.

पण मला प्रयोगशाळेतून काढून मागच्या खोलीत टाकलं, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात तिथं. त्या वायूची एक खोड आहे. सुरुवातीला नाकात जाळ होतो, मग काहीच वाटत नाही. नाकच मरतं. तीन वर्षं तिथं होतो. नाक गेलं. आज बायको मोगरा डोक्यात घालून पुढं बसली तरी मला कळत नाही. तिला सांगितलं नाही कधी. "वास कसा येते जी?" विचारते, मी म्हणतो, "झकास."

श्रीपाद लेक्चरर झाला. त्याचं काही बिघडलं नाही. मला त्याच्या खुर्चीचाही हेवा वाटला, तोही लिहून ठेवतो.

त्या खोलीत मला कोणी विचारत नव्हतं, म्हणून वेळ होता. एक दिवस सांडलेलं बेंझिन कौलाच्या तुकड्यावर पेटवलं आणि वर धरलेल्या फरशीवर जाड काजळी बसली. मऊ, काळीभोर. पोरं हीच काजळी पाहून ओळखतात, जळताना काळा धूर सोडते ती वस्तू सुगंधी जातीची. स्पिरिट निळं जळतं, साफ जळतं, मागं काही ठेवत नाही. मी ती काजळी बोटानं खरवडली. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवला, त्यात घोटली. झाडूची काडी टोकदार केली. आणि त्या खपलीवाल्या बाटलीसाठी चिठ्ठी लिहिली. बालबोध अक्षरात, चौथी पासच्या हातानं: बेंझाल्डीहाइड. बाजूला षटकोन. सहावी बाजू जराशी वाकडी. तशीच ठेवली.

संध्याकाळी फडताळ पुसायला मलाच बोलवत, त्या वेळी चिकटवली. मग दुसरी. मग तिसरी. नावं विचारून विचारून लिहिली, त्या पोट्टीनं पास होऊन जाण्याआधी बरीच सांगितली. वर्षभरात चाळीसच्या चाळीस.

मोठे सर चिडले. लेबल इंग्रजीतच पाहिजे, म्हणाले. श्रीपादनं माझ्या चिठ्ठ्यांवर आपले मोती चिकटवले. वाफा होत्याच. वर्ष गेलं, निळी अक्षरं पिवळी पडली, मग कोरी झाली, डिंक सुटून कागद गळाले. खाली माझी काळी अक्षरं जशीच्या तशी. आम्लानं काजळी जात नाही, ब्रोमिननं जात नाही. ती जळून झालेली असते, तिला आणखी काय जाळणार?

मी सुटलो तेव्हाही ती लेबलं तिथं होती.

आता मी हुडकेश्वरला पोराकडे राहतो. मागच्या वर्षी कॉलेजची स्मरणिका कोणीतरी घरी आणून दिली. चष्मा लावून वाचली. श्रीपादचा लेख होता, फोटोसकट. केस पांढरे, नखं अजून गुलाबी असतील. लिहिलं आहे, एकदा परीक्षेच्या तोंडावर सगळी लेबलं गेली तेव्हा मी केवळ वासावरून चाळीस बाटल्या एका दिवसात ओळखल्या. आणि खाली एक ओळ, आमचा बॉय बाटल्या उचलून देत असे.

बायको म्हणाली, "जाऊ द्या जी. वय झालं. अजून जळून राहिले काय?"

अजून जळून राहिलो. साफ, निळं जळायला मला जमत नाही. काळा धूर निघतो आणि निघणार. पण एकदा तो आत कोंडला तर दुसऱ्याच्या पोट्टीच्या डोळ्यांत गेला. आता कोंडणार नाही. बाहेर काढून घोटणार आणि लिहिणार.

म्हणून लिहितो. त्या चाळीस बाटल्या मी ओळखल्या. दोन वेगळ्या आहेत हे मी सांगितलं होतं. पंधरा दिवस गप्प बसलो तोही मीच. आणि बॉय कोणी नव्हता तिथं. बायकोपोरांचा माणूस होता.

हे माझं लेबल आहे. यावर कोणाला आपला कागद चिकटवायचा असेल तर चिकटवा. गळून पडेल. खाली मी आहे.